पायवाट क्रमांक तीन

शेजारच्या ओरिसियाबाईंनी दुर्बीण दिली,
म्हणाल्या, उजवी काच धुरकट आहे, डाव्या डोळ्याने बघा.
म्हणून मला ही नदी अर्धीच आठवते:
मे महिन्याची, गढूळ,
कॉटनवुडची मुळं खरवडत जाणारी,
आणि तिच्यावर नऊ पांढरे पेलिकन,
तेराव्याच्या पंगतीला बसल्यासारखे गंभीर.

फाटकाशी डेल्फीन क्रेनबेअर भेटली.
अंगात पार्कचं खाकी जाकीट, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
"लांबची गोष्ट हवी की जवळची?"
मी म्हटलं, लांबची.
"मग चालावं लागेल," म्हणाली
आणि निघालीच.

वर माळावर दगडांचे ढीग.
ढीग कसले, गुडघ्याएवढे, काही तर नुसते तीन दगड.
दोन रांगा, दूरवर ऐसपैस,
कड्याकडे येता येता आवळलेल्या,
नरसाळ्यासारख्या.
ह्या दगडांमागे बायका, म्हातारे, पोरं
दबा धरून;
आणि सगळ्यांच्या पुढे एक मुलगा,
अंगावर वासराचं कातडं, वासरासारखाच हंबरणारा.
त्याच्यामागे आया. आयांमागे कळप.
"ईनी," ती म्हणाली. आपल्या भाषेतला तो शब्द
तिने हलकेच ठेवला,
काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी तसा.

मी विचारलं, जे सगळेच विचारत असतील:
त्या मुलाचं काय व्हायचं?
तिने टरफलं तळहातावर थुंकली, खिशात टाकली.
"कड्याच्या ओठाखाली एक कपार आहे.
तिच्यात शिरायचं, पाय पोटाशी घ्यायचे,
आणि डोक्यावरून आभाळ कोसळताना ऐकायचं.
माझा भाचा टायरोन चारशे मीटर धावतो, शाळेकडून.
त्याला मी तिथे बसवलं.
मावला. जेमतेम.
तेव्हापासून शर्यतीआधी
जमिनीला हात लावतो. का, ते सांगत नाही."

खाली उतरलो.
कड्याच्या पायथ्याशी गवत जरा जास्तच हिरवं.
वीतभर मातीखाली हाडं, त्याखाली राख, राखेखाली पुन्हा हाडं.
बूट कुठे ठेवावा कळेना. एका पायावर उभा राहिलो
बगळ्यासारखा.
"ठेव रे," ती म्हणाली.
"आमच्या आज्या इथे चरबी वितळवायच्या,
भांडायच्या, खिदळायच्या.
देऊळ नाही हे. स्वयंपाकघर आहे."

वर, जिथून ते पडायचे तिथेच,
पाकोळ्यांनी चिखलाची मडकी चिकटवलेली,
शेकडो, तोंडं खाली.
आत-बाहेर, आत-बाहेर,
एकीलाही पडणं म्हणजे काय ते माहीत नसावं.

कुंपणाच्या खांबावर मात्र एकटा एक,
काळा, डोकं तेवढं तपकिरी.
काऊबर्ड.
"हा कळपामागे फिरायचा," डेल्फीन म्हणाली,
"खुरांनी उठवलेले किडे टिपत.
म्हणून अंडी दुसऱ्याच्या घरट्यात.
थांबतो कोण? कळप थांबत नव्हता.
मग बंदुका आल्या, रूळ आले,
आणि कवट्या डबे भरभरून गेल्या, खतासाठी.
कळप संपला. ह्याने घरटं बांधायचं
काही शिकून घेतलं नाही."
"मग आता?"
"आता गवत कापायच्या यंत्रामागे फिरतो.
दर मंगळवारी."

ती हसली. मी हसायच्या बेतात होतो,
तेवढ्यात तिने माझ्या गळ्यातली दुर्बीण
दोरीसकट ओढून घेतली,
मीही तिच्याबरोबर थोडा ओढला गेलो.
नदीपलीकडे तिच्या लोकांची जमीन,
दोन वर्षांपूर्वी ट्रकमधून उतरवलेला कळप.
मला नुसत्या डोळ्यांनी तपकिरी ठिपके.
ढेकळं असतील, झुडपं असतील.

ती ओठांतल्या ओठांत मोजत होती.
उजवी काच धुरकट आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

"सव्वीस," म्हणाली.
पुन्हा मोजले.
"काल पंचवीस होते,"
आणि तोंडातलं टरफल थुंकायला विसरली.